शेतावरील कुऱ्हाड, कोयता व चाकू : पारख आणि निगा

बी-बियाणे, खते, पाणी व जनावरे यांविषयी शेतकरी बंधूंच्या वाचनात पुष्कळ मजकूर येतो. परंतु वर्षाचे बारा महिने ज्या वस्तू आपल्या हाती असतात, त्या कुऱ्हाड, कोयता व चाकू यांविषयी कोणी फारसे लिहीत नाही. नांगर किंवा पाण्याचे इंजिन घ्यावयाचे झाल्यास आपण चार ठिकाणी चौकशी करतो, शेजाऱ्याचा अनुभव विचारतो, दोन रात्री हिशेब मांडतो. कुऱ्हाड मात्र मीठ-मिरचीबरोबर पिशवीत पडून घरी येते. वस्तू लहान, किंमत थोडी, म्हणून तिची पारखही थोडी, असा आपला समज झाला आहे. तो समज किती महाग पडतो हे मी एकदा पाहिले आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो आहे.

मी लोहार नव्हे आणि शेतकी शाळेत शिकलेलाही नव्हे. गावच्या मराठी शाळेत शिक्षण झाल्यावर महसूल खात्यात कारकुनी केली व आता निवृत्त होऊन वडिलोपार्जित साडेचार एकर पाहतो. खाली जे लिहिले आहे त्यातील काही लोहाराच्या भात्याजवळ बसून शिकलो, काही पुस्तकांतून घेतले व काही स्वतःच्या चुकीने कळले. चुकीची हकीकत प्रथम सांगतो.

एक घडलेली गोष्ट

सन २०१६ च्या वैशाखात वळवाच्या वाऱ्याने आमच्या बांधावरील एक जुनी बाभूळ आडवी झाली. ती तोडण्यास नेहमी आमच्याकडे कामास येणारे एक वृद्धत्वाकडे झुकलेले गृहस्थ व त्यांची पत्नी आली होती. त्यांस आमच्या घरी सर्वजण मामा-मामी म्हणतात. कुऱ्हाड मी बाजारातून एकशे ऐंशी रुपयांस आणलेली होती. पाते चकचकीत, कडेस तांबडा रंग. दांडा दोनदा मोडून झाला होता आणि तिसरा, वार्निश लावलेला, बाजारातूनच आणून बसविला होता. मामांनी ती हातात घेताच एकदा झटकली आणि म्हणाले, “भाऊसाहेब, हिचं डोकं हलतंय.” मी उत्तर दिले, “बादलीत बुडवून ठेवा मामा, दांडा फुगला की बसेल घट्ट.” मामा अधिक काही बोलले नाहीत. मालकाने सांगितल्यावर गडीमाणसाने किती बोलावे यास मर्यादा असते.

तासभर पाण्यात राहून कुऱ्हाड खरोखरच घट्ट झाली आणि सकाळचे काम नीट पार पडले. दुपारपर्यंत उन्हाने दांडा पुन्हा सुकला. भाकरी खाऊन मामांनी काम सुरू केले आणि चौथ्या-पाचव्या घावास डोके दांड्यातून निसटून गेले. दहा-बारा हातांवर मामी फेसाटीची मोळी बांधीत होत्या. त्यांच्या नडगीवर ते बसले. हाड चिरले व सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला.

दवाखान्याचा खर्च मी दिला, परंतु गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. मामा-मामी हिवाळ्यात ऊसतोडीस जात असत. तोडणीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात व एकट्या माणसास ‘अर्धा कोयता’. त्या हंगामात मामींना डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढता येईना. मामा अर्धा कोयता म्हणून गेले, आणि उचलही अर्धीच मिळाली. तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी ठेवल्या, एका आकड्याची चूक होऊ दिली नाही, पण घरच्या कुऱ्हाडीचे डोके हलते ही नोंद मला तोंडी सांगूनही मी घेतली नाही.

स्वस्त म्हणजे काय

त्यानंतर मी वही काढून हिशेब केला. ती कुऱ्हाड चौदा महिने वापरात होती. मूळ किंमत १८० रुपये, दोन दांडे प्रत्येकी ९० प्रमाणे १८०, लोहाराकडून तीन वेळा धार काढविली ती प्रत्येकी ४० प्रमाणे १२०. एकूण ४८० रुपये. म्हणजे वर्षास सुमारे ४११ रुपये पडले. पुढे जी कुऱ्हाड घेतली तिचे नुसते डोके ४५० रुपयांस पडले. दांडा घरच्या बाभळीचा, तो बसविण्याची मजुरी ६०, कानस १८० व धार लावण्याचा दगड १५०. एकूण ८४० रुपये. तिला आठ वर्षांहून अधिक काळ झाला व ती आजही कामात आहे. आठच वर्षे धरली तरी वर्षास १०५ रुपये पडतात, आणि कानस व दगड कोयत्या-चाकूंसही उपयोगी पडतात ते निराळेच.

या हिशेबावरून कोणी असे समजू नये की महाग तेच चांगले. बाजारात महागड्या किमतीची, नक्षीदार मुठीची व कातडी म्यानाची हत्यारेही मिळतात आणि त्यांतील बरीच किंमत मुठीची व म्यानाची असते. शेतकऱ्याने पैसा तीनच गोष्टींवर खर्च करावा : पात्याचे पोलाद, त्यास दिलेले पाणी आणि दांड्याची बैठक. रंग, चकाकी, नक्षी व छाप यांवर एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही. या तीन गोष्टी चांगल्या असलेले हत्यार बहुधा बाजारात सर्वांत महाग नसते व सर्वांत स्वस्तही नसते.

लोखंड, पोलाद व पाणी

लोखंडात कर्बाचा किंचित अंश मिसळला की त्याचे पोलाद होते, आणि धार धरण्याचा गुण या कर्बामुळे येतो. साध्या नरम लोखंडात कर्ब शेकडा पाव भागाहूनही कमी असतो. अशा लोखंडाचे पाते कितीही तापवून पाण्यात बुडविले तरी ते कडक होत नाही व दोन फांद्या तोडताच धार वळते. कुऱ्हाड व कोयता यांस शेकडा अर्धा ते पाऊण भाग कर्ब असलेले पोलाद योग्य होय. चाकूस पाऊण ते एक भाग चालतो, कारण चाकूवर घावाचा आघात होत नाही.

पोलाद चांगले असूनही पाणी नीट दिलेले नसेल तर सर्व व्यर्थ आहे. पाते लालबुंद तापवून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडविले म्हणजे ते काचेसारखे कडक होते, पण काचेसारखेच ठिसूळही होते. पोलाद पुरेसे तापले की नाही हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. सुमारे ७७० अंश सेंटिग्रेड उष्णतेस लोखंडास लोहचुंबक चिकटेनासा होतो. चुंबक चिकटेनासा झाल्यावर आणखी थोडे तापवून मग पाते बुडवावयाचे. त्यानंतर ते पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. घासून पांढऱ्या केलेल्या पात्यावर या वेळी रंग चढत जातात : सुमारे २२० ते २३० अंशांस वाळल्या गवतासारखा पिवळा, २६० ते २८० अंशांस तपकिरी व जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. चाकू पिवळ्या रंगावर थांबवितात. कुऱ्हाडीस आघात सोसावयाचा असल्याने ती जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत नेतात. अनुभवी लोहारास अंश ठाऊक नसतील, परंतु हे रंग त्याच्या डोळ्यांत बसलेले असतात.

बाजारातील परीक्षा

खरेदीस जाताना खिशात एक लहान बारीक कानस व हातभर सुतळी ठेवावी. दुकानदाराची परवानगी घेऊन पुढील परीक्षा कराव्यात.

पहिली, कानशीची. धारेजवळ कानस हलकेच एकदा फिरवावी. ती लोण्यात शिरावी तशी सहज शिरली तर पाते नरम आहे, धार राहणार नाही. काचेवरून घसरावी तशी नुसती घसरली तर पाणी फाजील आहे, धारेचे तुकडे उडतील. कानस थोड्या जोराने, पण निश्चित धरली तर पाणी योग्य समजावे. हीच कानस मग दांड्याच्या भोकाजवळ फिरवावी. तेथे मात्र ती सहज शिरली पाहिजे. सगळेच डोके कडक असेल तर ते भोकाजवळ तडकते.

दुसरी, नादाची. डोके सुतळीस टांगून लहान खिळ्याने वाजवावे. नाद स्वच्छ व लांब आला तर अंग अखंड आहे. भद्द आवाज आला तर कोठे तरी चीर किंवा कच्चा सांधा असण्याचा संभव आहे.

तिसरी, नजरेची. दांडा बसविलेली कुऱ्हाड धार वर करून डोळ्यासमोर धरावी व धारेवरून दांड्याच्या शेवटापर्यंत पाहावे. धार व दांडा एका रेषेत असावीत. एका बाजूस कललेली कुऱ्हाड प्रत्येक घावास मनगट पिळते व घाव घसरवते.

चौथी, जाडीची. धारेपासून पाठीकडे पाते क्रमाने जाड होत गेले पाहिजे. पाते फार पातळ असेल तर ते लाकडात रुतून बसते. फार जाड असेल तर शिरतच नाही. दोन्ही गालांस किंचित फुगीरपणा असावा, म्हणजे लाकूड फाकते व कुऱ्हाड मोकळी निघते.

पाचवी, रंगाची. ज्या डोक्याचे भोक व सांधे जाड रंगाने माखलेले असतील ते शक्यतो घेऊच नये. रंगाखाली काय आहे हे विकणाऱ्यासही पुष्कळदा ठाऊक नसते.

भोक, दांडा व पाचर

कुऱ्हाडीचे डोके दांड्यावर बसविण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात कुदळीप्रमाणे दांडा वरून घालतात. त्याचे वरचे टोक जाड असते व भोक खाली निमुळते असते. यात प्रत्येक घावाने डोके वर सरकू पाहते व अधिकच घट्ट बसते. ही रीत जुनी व निर्धोक आहे. दुसऱ्या प्रकारात दांडा खालून घालून वरच्या टोकास चीर देतात व तीत पाचर ठोकतात. येथे भोक वरच्या बाजूस किंचित रुंद असले पाहिजे, म्हणजे पाचरीने दांडा वर फाकून अडकून बसतो. सरळ नळीसारख्या भोकात पाचर कितीही ठोकली तरी डोके टिकत नाही. तसेच दांड्याच्या टोकात नुसता खिळा मारणे म्हणजे पाचर नव्हे. खिळ्याने लाकूड चिरते. माझ्या त्या कुऱ्हाडीस खिळाच मारलेला होता.

आता पाण्यात बुडविण्याविषयी. लाकूड पाणी पिऊन फुगते, परंतु भोवती लोखंडाचे कडे असल्याने त्यास फुगण्यास जागा नसते. यामुळे आतील तंतू दाबून चिरडले जातात. पुढे ऊन लागून लाकूड सुकले की ते पूर्वीच्याहूनही बारीक होते. म्हणजे बादलीत बुडविलेली कुऱ्हाड दोन तास घट्ट राहते व नंतर अगोदरपेक्षा अधिक ढिली होते. ही खोड आपल्याकडे घरोघर आहे. ती सोडून दिली पाहिजे. दांडा ढिला झाला तर वाळलेल्या लाकडाची नवी पाचर घालावी, किंवा सरळ दांडाच बदलावा.

दांड्यासाठी बाभूळ, धावडा व तिवस ही लाकडे उत्तम. बाभूळ देशावर सर्वत्र मिळते. धावडा व तिवस डोंगराकडच्या भागात मिळतात व लवचीकपणात वरचढ आहेत. लाकूड सावलीत कित्येक महिने वाळलेले असावे. ओल्या लाकडाचा दांडा महिन्याभरात ढिला होतो. तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. मध्येच कडेला निघून जाणारे तंतू असतील तर दांडा तेथेच मोडावयाचा. गाठ नसावी. दांड्याच्या शेवटच्या टोकाकडे पाहिले असता वाढीच्या रेषा धारेच्या दिशेने असाव्यात, आडव्या नसाव्यात. वार्निशाने या खुणा झाकतात व घामेजल्या हातास दांडा निसटता होतो, म्हणून वार्निश खरवडून काढून जवसाचे तेल चोळावे. तेलाचे फडके मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाच्या तेलाचे फडके आपोआप तापून पेट घेते. ते पसरून वाळवावे.

वजन व लांबी

पुष्कळजण जड कुऱ्हाड ती चांगली असे मानतात. परंतु घावाची शक्ती वजनापेक्षा वेगावर अधिक अवलंबून असते. वजन दुप्पट झाले तर शक्ती दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. जड कुऱ्हाड पहिले दहा घाव चांगले मारते आणि पुढे हात थकून वेग जातो व नेमही जातो. बांधावरील झाडोरा व फांद्या यांस सव्वा किलोपर्यंतचे डोके पुरे. ओंडके फोडण्यास दीड ते दोन किलोंचे वेगळे असावे. दांडा दोन्ही हातांनी धरावयाच्या कुऱ्हाडीस २८ ते ३२ इंच असावा. डोके तळहातात धरून हात लांब केला असता दांड्याचे टोक काखेपर्यंत यावे, हे सोपे माप आहे. फार आखूड दांडा धोक्याचा, कारण चुकलेला घाव जमिनीत न जाता पायावर येतो.

कोयता व गावचा लोहार

कोयत्याच्या बाबतीत माझे स्पष्ट मत असे आहे की, चांगला लोहार जवळ असेल तर तयार माल घेण्यापेक्षा त्याजकडून घडवून घ्यावा. गावात लोहार नसेल तर रस्त्याकडेला भाता मांडून बसणारी घिसाडी कुटुंबे असतात. नवरा सांडशीत लोखंड धरतो व बायको घण मारते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांच्यात उत्तम कारागीर आहेत; फक्त त्यांच्या हाती पोलाद चांगले दिले पाहिजे.

यासाठी सर्वांत सोयीचे म्हणजे मालमोटारीचा जुना कमानपाटा. त्यातील पोलादात कर्ब शेकडा सुमारे अर्धा ते साठ शतांश असतो व ते लवचीकपणासाठीच बनविलेले असते. मोडलेला पाटा मात्र घेऊ नये. त्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा असतात. अखंड पाट्यातील तुकडा घ्यावा व लोहारास तो तेलात विझविण्यास सांगावे. हे पोलाद थंड पाण्यात विझविले तर तडकण्याचा संभव असतो. घरबांधणीतून उरलेल्या सळईचा कोयता कोणी करून देऊ म्हणाल्यास नको म्हणावे. तिच्यात कर्ब कमी असल्याने धार राहत नाही.

ऊस तोडण्याचा कोयता हलका व पातळ असावा, कारण दिवसाकाठी हजारो वेळा तो उचलावा लागतो. लाकूडफाट्याचा कोयता जाड पाठीचा व टोकाकडे वजनदार असावा. एकाच कोयत्याने दोन्ही कामे करण्याच्या काटकसरीने दोन्ही कामे बिघडतात. मुठीत पात्याचा जो भाग शिरतो तो मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला असावा आणि त्यास दोन तरी रिवेट असावेत. बोटभर आत जाऊन संपणारे पाते एके दिवशी हातातून सुटतेच.

चाकू

शेतावर दोन चाकू पुरेत. एक स्थिर पात्याचा, चार बोटे लांबीचा, दोर कापणे, पोती उघडणे, साल काढणे अशा कामांसाठी. दुसरा कलमाचा, ज्याची धार एकाच अंगास असते व दुसरे अंग सपाट असते, म्हणजे काप सपाट होऊन साल सालीस बसते. कलमाच्या चाकूने दुसरे कोणतेही काम करू नये.

न गंजणाऱ्या पोलादाचा घ्यावा की साध्या, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम निदान शेकडा साडेदहा भाग असते. डाळिंब, आंबा यांचा रस व दमट हवा यांत ते टिकते, परंतु घरच्या दगडावर त्यास धार लावण्यास वेळ अधिक लागतो. साधे पोलाद लवकर धार घेते, मात्र पुसून तेल लावावे लागते. कोकणात व पावसाळी कामास पहिले, देशावर व निगा ठेवणाऱ्या माणसास दुसरे, असे म्हणता येईल.

मिटणारा चाकू घेतल्यास पाते उघडल्यावर अडकून राहण्याची सोय आहे की नाही हे आवर्जून पाहावे. फ्रान्सच्या सावोय प्रांतात ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा साधा चाकू सन १८९० पासून होतो. तो शेतकऱ्यांच्या खिशातला चाकू म्हणूनच प्रसिद्धीस आला. सन १९५५ मध्ये त्याच्या मुठीच्या तोंडाशी एक फिरते कडे बसविण्यात आले. ते फिरविले की पाते बोटांवर मिटत नाही. एवढ्याशा कड्याने चाकूची किंमत फार वाढत नाही, पण बोटे वाचतात. चाकू कोणत्याही कारखान्याचा घ्या, ही सोय मात्र असू द्या.

निगा

हत्यार मोडण्यापेक्षा निगेवाचून मरते ते अधिक. त्यातही तीन चुका सर्वत्र आढळतात.

एक : विजेच्या वेगवान चाकावर धार लावणे. ठिणग्या उडतात, धार चकाकते व पैसे सत्कारणी लागले असे वाटते. परंतु धारेवर निळा रंग आला की तेथील पाणी उतरले असे समजावे. मग ती धार कितीदाही लावली तरी टिकत नाही. कानशीने व दगडानेच धार लावावी. चाकावर लावावयाचीच असेल तर क्षणोक्षणी पाण्यात बुडवून, बोटास चटका बसणार नाही इतक्या बेताने लावावी.

दोन : मोडलेला दांडा काढण्यासाठी डोके चुलीत टाकणे. याने दांडा जळतो व त्याबरोबर पाणीही जळते. लाकूड पहारीच्या टोकाने किंवा सामत्याने कोरून काढावे. जाळल्यावाचून गत्यंतरच नसेल तर धारेचा सर्व भाग ओल्या मातीत पुरून मगच वर विस्तव करावा.

तीन : कुऱ्हाडीच्या पाठीचा घणासारखा उपयोग करणे. याने दांड्याचे भोक पसरते व दांडा कायमचा ढिला होतो. कुऱ्हाडीवर कुऱ्हाड मारणे तर याहून वाईट. कडक पोलादाचा कण उडून डोळा गेल्यास तो परत येत नाही.

काम संपताच चीक व रस पुसावा, तेलाचे बोट फिरवावे व हत्यार भिंतीस टांगावे. बाभळीच्या बुंध्यात कुऱ्हाड रात्रभर रुतवून ठेवू नये. एवढे करूनही इजा झालीच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे, अवयव उंच करावा व दवाखाना गाठावा. जखमेत हळद, चुना, तंबाखू किंवा माती भरू नये. धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही हे डॉक्टरांस सांगावे.

दोन शब्द कायद्याचे

जुन्या सवयीने हेही सांगतो. सन १९५९ च्या शस्त्रांविषयीच्या कायद्यात केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाकरिता बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. सबब शेतावरील कोयत्यास परवाना लागत नाही. तथापि तो उघडा घेऊन बाजारात वा जत्रेत फिरणे शहाणपणाचे नव्हे; पोत्यात गुंडाळून न्यावा. दुसरे असे की, सन १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमनाच्या कायद्यान्वये महाराष्ट्रात साग, आंबा, चिंच, मोह, फणस, खैर, जांभूळ इत्यादि अनुसूचीतील झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वर दांड्यासाठी ज्याची शिफारस केली तो तिवसही त्या अनुसूचीत आहे. एका दांड्यासाठी झाड पाडून कचेरीच्या पायऱ्या चढण्याची वेळ आणू नये.

उपसंहार

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ असे आपण म्हणतो, ते झाडांच्या गोतासंबंधी. पण दांडा ढिला असेल तर तो आपल्याही गोतास काळ होतो. विशेष हे की, हत्यार विकत घेतो एक व चालवितो दुसरा. वाचविलेले रुपये मालकाच्या खिशात राहतात व धोका गड्याच्या अंगावर जातो. म्हणून माझी शेतकरी बंधूंस एवढीच विनंती आहे की, हत्यार घेण्यास जाताना ज्याच्या हाती ते राहावयाचे त्यास बरोबर न्यावे, त्याच्या हाती देऊन पाहावे, आणि तो ‘हलतंय’ म्हणाला तर ते हलते आहे असेच समजावे. पुढची कुऱ्हाड घेताना मी मामांस बरोबर नेले. त्यांनी पाच डोकी बाजूस सारून सहावे उचलले. तेच आज चालू आहे.

दर वर्षी खंडेनवमीस आपण हत्यारे धुऊन, हळदकुंकू लावून त्यांची पूजा करतो. त्यापूर्वीचा एक दिवस तपासणीस द्यावा. प्रत्येक दांडा झटकून पाहावा, पाचर पाहावी, धार पाहावी, आणि जे नादुरुस्त असेल ते दुरुस्त होईतोवर पूजेत मांडू नये. आमच्या घरी गेली कित्येक वर्षे ही तपासणी मामी करतात. त्या पाय किंचित ओढीत येतात, पाटावर बसतात आणि एकेक हत्यार उचलून कानाशी हलवितात. त्यांनी खाली ठेवलेले हत्यार त्या दिवशी कोणी उचलीत नाही.